मुन्शीच्या समोर कोण बसणार?

९ जानेवारी ७४, बुध.
औरंगाबादहून डॉक्टरांचं कार्ड आलं. ४ फेब्रुवारीला शांताचं ऑपरेशन. दोन दिवस आधी भरती. म्हणजे जाऊन-येऊन वीसेक दिवस. शांता पीठ मळत होती, तिला सांगितलं. म्हणाली, "आन् मुन्शी?"
मी म्हटलं, अगं, तुझ्या पोटात गाठ आहे.
"ते ठावं हाय मला. मुन्शीचं इचारलं मी."

१० जाने.
सकाळी पुन्हा तेच. मुन्शीची सोय लागल्याशिवाय ती जागची हलणार नाही. चिडलो, ओरडलो. ती शांतपणे भांडी घासत राहिली. मुन्शी माझ्याकडेच रागाने बघत होता.
तशी अडचण खरी आहे. दुष्काळात खडीच्या कामावर मजुरांची हजेरी लिहायची ड्यूटी माझ्याकडे होती, तिथून हे पिल्लू मागे लागून आलं. तिथली मोठी कुत्री त्याच्या तोंडातला घास पळवायची. ती धास्ती अजून गेली नाही. समोर कुणीतरी राखण बसल्याशिवाय भाकरीला तोंड लावत नाही. बसलं की पाच मिनिटांत ताटली चाटून लख्ख. आता असा रिकामटेकडा माणूस गावात कुठे शोधायचा?
(नाव मी ठेवलं. मी लिहायला बसलो की हा कागदावर नजर ठेवून बसतो, म्हणून.)

१३ जाने., रवि.
मालीपाटलांच्या घरी. मोठी शेती, रानातल्या आखाड्यावर राहायला चार गडी, भाकऱ्यांची ददात नाही. पाटलीणकाकू ओसरीवर होत्या. "सोडा की गुरुजी आखाड्यावर. एका कुत्र्यानं काय आमचं सरायलंय?" फार बरं वाटलं. म्हटलं, त्याची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, ताटलीही आणून देतो, तो दुसऱ्यात खात नाही.
काकू अगदी गोड आवाजात, "कुत्रं आणा गुरुजी. ताटली तेवढी तुमच्याच घरी ऱ्हाऊ द्या."
चहा अर्धा ठेवून उठलो. त्यांच्या दोन्ही पोरांना पाढे मीच शिकवले. पाढे चालतात, आमच्या घरचं भांडं चालत नाही.
घरी सांगितलं, आखाडा लांब पडेल. शांता म्हणाली, "ताटलीचं बोलल्या जणू?" हिला घरबसल्या सगळं कसं कळतं, देव— नाही, दीक्षा घेतल्यावर देव कुठला. कसं कळतं कोण जाणे.

१५ जाने.
हे काम पद्धतशीर करायचं ठरवलं. वहीचं पान आखलं. जागा २५, अन्न २५, सवड २५, माया २५. पाटील बाद. पाथरीच्या वाटेवरचा माझा चुलतभाऊ कचरू, त्याला ८२. त्याला कुत्र्यांची भलती आवड, घरात माणसंही भरपूर.
शांताला पान दाखवलं. "परीक्षा कुत्र्याची हाय का मान्साची?" म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

१७ जाने.
कचरू बैलगाडी घेऊन आला. मुन्शीला तीन दिवस नेतो म्हणाला, सवय होईल. "दादा, तू बिनघोर ऱ्हा. लेकरावानी ठिवतो." मुन्शी गाडीतून वळून वळून बघत होता. शांता घरात निघून गेली. मी शाळेत गेलो आणि चौथीचा तास तिसरीला घेतला.

२० जाने., रवि.
न कळवता कचरूकडे गेलो. चांगलं केलं.
"कसा आहे?" "आरं, टच्च जेवायलाय! कालच्याला दोन भाकऱ्या!" मुन्शी गोठ्यात दाव्याला बांधलेला. मला बघून उठला, पण उठताना मागचे पाय लटपटले. मी पोटावरून हात फिरवला, तर बरगड्या हाताला लागल्या. तेवढ्यात कचरूची धाकटी म्हणाली, "काका, त्याची भाकरी रोज कोंबड्या खातेत."
कचरू हसला. "असं व्हय? मला वाटलं ह्योच खातोय."
त्याच्या मनात पाप नाही, हे मला माहीत आहे. समोरच्याला बरं वाटेल ते बोलायची त्याला लहानपणापासून खोड. पण ८२ गुण कोणी दिले? मीच ना?
तिथेच मातीत मांडी घालून बसलो, भाकरी कुस्करली. त्याने खाल्ली. मग दोघं पायी घरी आलो. वाटेत दोनदा त्याला खांद्यावर घेतला. तीन दिवसांचा उपाशी, तरी जड लागला गडी.

२२ जाने.
शांताने स्वतःच शेजारच्या गयाबाईंना विचारलं. एकट्याच राहतात, दिवसभर कापूस वेचायला जातात. मी दारात उभा राहून ऐकत होतो.
"मला कुत्र्याचं काई लय कवतिक न्हाई बग," गयाबाई म्हणाल्या. "घरात घेनार न्हाई. दिसभर रानात आसते. सांजच्याला आल्यावर त्याच्याम्होरं बसंन, माजंबी जेवन तवाच आसतंय. दुपारचं काई सांगू नगंस, ते हुनार न्हाई."
"आन् न्हाई जेवला तर?"
"तर न्हाई जेवला म्हून सांगंन."
मी मनात गुण मांडले. ३४. नापास.
शांता आत आली, म्हणाली, "झालं. गयाबाई."
मी म्हटलं, त्या तर प्रत्येक गोष्टीला नाही म्हणाल्या.
"व्हय. न्हाई तिथं न्हाई म्हनल्या. कचरूभावजी कवा म्हनले?"
पान फाडलं.

२९ जाने.
आठवडाभर संध्याकाळी मुन्शीला गयाबाईंच्या दारात ताटली. पहिले दोन दिवस शांता शेजारी बसली, मग उंबऱ्यात, मग आपल्या घरात. काल मी भिंतीआडून पाहिलं. गयाबाई आपली भाकरी खात होत्या आणि त्याला सरपंचाच्या भानगडी सांगत होत्या. तो जेवत होता. आज मी सूचनांचा कागद वाचून दाखवायला गेलो, अकरा मुद्दे होते. तिसऱ्याला म्हणाल्या, "मास्तर, तुमी जावा आता."

३१ जाने., गुरु.
निघालो. मुन्शी एस.टी.मागे फाट्यापर्यंत धावला. शांताने मागे बघितलं नाही. मानवत रोड स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो तेव्हा म्हणाली, "तुमाला भ्याव वाटायलंय का?" हो म्हटलं. "मलाबी," म्हणाली. इतकी वर्षं संसार केला, पण हे आम्ही एकमेकांना कधी बोललो नव्हतो.

४ फेब्रु., सोम.
दोन तास बाहेर बाकावर. गाठ निघाली. साधीच होती म्हणाले. शुद्धीवर येता येता तिने माझं नाव नाही घेतलं, मुन्शीचं घेतलं. नर्सला वाटलं, मुन्शी मीच.

५ फेब्रु., मंगळ.
दुपारी मेहुणे डबा घेऊन आले; इथे त्यांच्याकडेच उतरलोय, म्हणून त्यांच्या पत्त्यावर कार्ड आलेलं. शांतासमोरच हातात दिलं. "गयाबाईचं का?" तिने डोळे उघडले.
पोस्टमनच्या अक्षरात, २ तारखेचं: "गुरुवारी सांजच्याला जेवला. शुक्रवारी म्होरं बसले, न्हाई जेवला. आज सकाळपून घरी न्हाई. फाट्यापस्तोर बघून आले, उद्याची रोजी बुडवून मानवतकडं बघती. सापडला तर कळवीन. न्हाई सापडला तरी कळवीन."
मी मोठ्याने वाचलं, मुन्शी ठीक आहे. रोज जेवतो. गयाबाईंच्या मागे रानात जातो.
"आनिक?"
कापसाच्या ढिगावर झोपतो म्हणे. ती हसली, टाक्यांना कळ लागली, तरी हसली. मला तिच्याकडे बघवेना. कार्ड घडी करून खिशात ठेवलं. इकडे ठेवा म्हणाली, उशाखाली. म्हटलं, नंतर.
"बरं. उद्या बसता आलं की मीच वाचीन."
लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात चुलीसमोर बसवून हिला अक्षरं मी शिकवली. तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.
मेहुण्यांना गयाबाईंच्या नावे तार करायला पाठवलंय. उत्तर यायला दोन दिवस तरी लागतील. डॉक्टर आत्ता फेरीला येऊन गेले. उद्या सकाळी बसवू म्हणाले.