तू बंद केलेली गोळी

आई,

शुद्धलेखन चुकलं तर रागावू नकोस. मराठी टाइप करायला मला खूप वेळ लागतो, आणि इथली जर्मन शाळा मी नववीनंतर सोडली, ते तू गेल्यानंतरचं, तुला माहीत नाही.

आता मी लुडविग्सहाफेनमध्ये एका ग्रीक बाईंच्या शिवणाच्या दुकानात काम करते. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या. कुणाशी फार बोलावं लागत नाही, ते बरंय. बाईंना तुझाच कॅन्सर झाला होता, छातीचा. त्या आणि त्यांच्या दोन मैत्रिणी कॉफी पिताना खुशाल मोठ्यानं बोलतात, "माझ्या गाठीत रिसेप्टर होते, तुझ्या?" आपल्याकडे कॅन्सर म्हणायचं तरी दार लावून घ्यायचे. बाईंनी मला कापड हातात घेऊन समजावलं. गाठीच्या पेशींना काजं असतात, अंगातलं हार्मोन त्यात बटणासारखं बसतं आणि गाठ वाढते. गोळी ती काजं शिवून टाकते. बाई रोज अकराला ती घेतात. मी त्यांच्या गळ्याकडे बघत राहते, खरंच गिळतात का.

कारण मागच्या महिन्यात बाबा ऑफिसला गेल्यावर मी तुझ्या कागदांचा ऑर्डनर, ती जाड फाइल, काढला. तुझा रिपोर्टपण तसाच, रिसेप्टर पॉझिटिव्ह. आणि पुढच्या एका पत्रात लिहिलंय, पेशंटनं गोळी स्वतःहून बंद केली. स्वतःहून? मला नाही पटलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "जेव गपचूप, पोळी गार होतेय." मग पुण्याला आत्याला व्हिडिओ कॉल केला. आईची गोळी, एवढंच म्हणाले तर ती लगेच, "मी कशाला काय सांगेन गं वहिनीला?" मी तिला तसं विचारलंच नव्हतं.

पण मला आठवतंय. आत्या दिवाळीला आलीय, तू पोहे परततेयस, ती म्हणते, "वहिनी, त्या गोळीवर मूल होऊ देत नाहीत म्हणे. पोरीला पाठीवर भाऊ नको का?" गोळ्यांचं पाकीट डब्यांच्या मागे सरकवतेस.

महिनाभर मी आत्यालाच दोषी धरून बसलेय. त्या पोह्यांच्या आदल्या दिवशीचं मात्र कुणाला सांगितलं नाही. भाऊबीज होती. आत्यानं बाबांना ओवाळलं आणि मी जमिनीवर लोळण घेतली, मलापण भाऊ पाहिजे, आत्ताच्या आत्ता. तू मला उचललंस आणि कानात म्हणालीस, "आणू हं."

हे फोनमध्येच राहील, पाठवणार कुठे. आत्ताच बाईंचा मेसेज आला, उद्या ट्रामचा संप आहे.