मंगलची डावी बाही

३ नोव्हेंबर, सोमवार
धाकटी आली होती, मंगल, बाळकुमहून. कापड घेऊनच. जांभळं, सळसळतं, साडेचार मीटर. श्वेताच्या लग्नात साडी नेसणार नाही म्हणते, ड्रेस शिवून दे. नवरीची आई! फोनवर फोटो दाखवला. खांद्यापासून मनगटापर्यंत फुगलेल्या बाह्या, एकेकीत लहान पोर मावेल.
"अगं, स्टेजवर उभी राहणार आहेस की उडणार आहेस?"
हसली नाही. "ताई, बाह्या अश्शाच पाहिजेत. बाकी तुला हवं ते कर."
माप घेतलं. स्टोल काही अंगावरून काढला नाही, घामाघूम झाली तरी. उजवा हात पुढे केला, मी लिहून घेतलं. चहा अर्धा टाकून गेली. लग्न २३ला.

५ नोव्हें.
कापलं. बाह्या दोन दिवस डोक्यात होत्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला ते फुगे काय शोभणार, लोक हसतील. म्हणून कोपरापर्यंत फिटिंग आणि खाली घेर. घेर मात्र दणदणीत. मं.ला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर वाद घातला असता. बघून खूश होईल.

९ नोव्हें., रविवार
लिहू की नको...
ट्रायल. उजवा हात झकास गेला. डावा कोपराच्या वर जाईना. मी म्हटलं, हात सरळ कर, आणि ओढलं. "आई गं" म्हणाली. स्टोल सरकला तेव्हा दिसलं. डावा हात उजव्याच्या दीडपट. त्यावर अंगाच्या रंगाची इलॅस्टिकची घट्ट बाही, डॉक्टरने दिलेली, दिवसभर घालावी लागते. दोन वर्षांपूर्वी छातीचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या, त्यानंतर हाताला सूज आली ती गेलीच नाही. सकाळी थोडी कमी, संध्याकाळी जास्त.
ऑपरेशनच्या वेळी महिनाभर डबे मीच नेत होते. आणि हे मला माहीत नाही.
"का नाही सांगितलंस?"
"तू रडत बसली असतीस. मग मलाच तुझी समजूत काढावी लागली असती."
रडत होतेच मी. तिने ड्रेसची घडी घातली, मशीनवर ठेवली. "राहू दे ताई. नेसते साडीच. वर शाल घेतली की झालं."

१० नोव्हें.
तीस वर्षं शिवतेय. एका हाताचं माप घ्यायचं, कापड दुमडायचं, दोन्ही बाह्या एकदम कापायच्या. सगळेच तसं करतात. मी तर वर एकीवर एक ठेवून बघते, जराही फरक नको म्हणून. मोठा अभिमान मला त्याचा.
दोन वर्षं म्हणत होते, टॉवरमध्ये राहायला गेली आणि शिष्ट झाली. बारशाला नाही, हळदीला नाही. जावेपाशी म्हटलं, ह्यांच्यापाशी म्हटलं. लाज वाटते.
तिने मागितलेल्या बाह्याच बरोबर होत्या. त्यात तिचा हात सुखाने गेला असता. शहाणपणा माझा.

१२ नोव्हें.
ठाण्याला गेले. टेंभी नाक्यापाशी जिथून तिने घेतलं तेच दुकान. तुकडा दाखवला, तो रंग संपला. दुसरा जांभळा काढला त्याने, जवळपासचा, पण उजेडात धरला तर चूक झाकल्यासारखा दिसत होता. झाकायचंच नाही म्हटलं. मोरपंखी घेतलं, दोन मीटर.
तिथूनच मं.ला फोन. "येतेय, टेप घेऊन."
"साडी ठरलीय."
"ठरू दे."
बाळकुमला पोचून मुद्दाम संध्याकाळपर्यंत थांबले, सूज जास्त असते तेव्हाचं माप मिळावं म्हणून. त्या हाताला टाचणी लागायला नको, कुठे आवळायला नको, बीपीसुद्धा उजव्या हातावरच बघतात. मापाच्या वहीत आयुष्यात पहिल्यांदा दोन रकाने केले, डावा नि उजवा.
मापं घेताना मं. म्हणाली, "लग्न लागताना वंदनेला हात जोडले की दोन्ही हात शेजारी-शेजारी येतात ताई. पुढच्या खुर्च्यांवरचे सगळे तेच बघत बसतील."
मी मनगटाचं मापही दोन्ही रकान्यांत लिहिलं.

१६ नोव्हें., रवि.
सगळं उसवलं. दोन्ही बाह्या खांद्यापासून मनगटापर्यंत उभ्या उघडल्या. आत मोरपंखी पट्टा, बारीक चुण्यांचा, खाली रुंद होत जाणारा. काखेत जादा कापडाची मोकळी कळी, हात वर करताना ओढ बसू नये म्हणून. उघड्या कडांना लूप, त्यातून नागमोडी दोरी. सूज असेल तशी दोरी सैल सोडायची. हात हलला की मोरपंखी उघडतं, मिटतं. फोटोतल्यापेक्षा भारी झालंय, कोणी म्हणत नाही म्हणून मीच म्हणते.
हे म्हणाले, "बाही आहे का पडदा?" म्हणजे आवडली.

१९ नोव्हें.
श्वेताने आईला आणलं, जवळजवळ ओढतच. कच्च्या टाक्यांवर ट्रायल, टाचणी एकही नाही. डावा हात गेला! कुठे अडला नाही. श्वे. ओरडली, "आई, कसली भारी दिसतेस यार!"
मं. आरशापुढे उभी राहिली. हात जोडले. डाव्या हाताकडे बघत म्हणाली,
"दिसतोच गं."
"हात आहे म्हटल्यावर दिसणारच. पण आधी बाही दिसते."
"दोरी मला एका हाताने नाही बांधता येणार."
"मी येते ना सकाळी."
हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. पक्की शिलाई मारून दिली, ड्रेस घेऊन गेली.
नंतर शेजारच्या पाटीलबाई ब्लाऊजला आल्या. दोन्ही हात मोजले. "आज काय नवीन?" म्हणाल्या. उजवा पाव इंच जास्त निघाला.

२२ नोव्हें., शनिवार
दुपारी श्वे.चा फोन. "मावशी, आईने ड्रेस कपाटाला बाहेर लावलाय. पण शालपण इस्त्री केलीय."
"काय म्हणते?"
"काहीच नाही. येता-जाता बाहीला हात लावते."
उद्या पहाटे साडेपाचला रिक्षा सांगितलीय, माणकोली पुलावरून. पिशवीत कात्री, सुई-दोरा, एक जादा दोरी. साडीच्या पिनाही घेतल्यात.
गेल्या-गेल्या ती शाल उचलून आपल्या पिशवीत कोंबावी असं मनात आलं. नको. तिला न विचारता एकदा शहाणपणा केला तेवढा पुरे. दोरी बांध म्हणाली तर दोरी बांधीन, निऱ्या धर म्हणाली तर खाली बसून निऱ्या धरीन.