परतीच्या हवेचा सांधा

मेरीव्हिल, टेनेसी
९ जुलै

प्रिय नोवेला वन्सं,

तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे उकाडा जीव घेतोय. टोमॅटो मात्र लगडलेत, त्यामुळे रोज दुपारी पावात टोमॅटोच.

तुमच्या भावाने, व्हर्लिनने, नवं खूळ काढलंय. तळघराच्या छताला एसीच्या हवेचे पत्र्याचे नळ आहेत ना, त्यांचे सांधे बुजवतोय. ब्रशने राखाडी लुकण थापायचं आणि वर जाड अस्तर गुंडाळायचं.

"अगं, निम्मी थंड हवा तळघर खातंय. वीज फुकट जाते."

"लग्न झाल्यापासून खातंय. आजच दिसलं होय?"

"दिसलं एकदाचं. शिडी धर."

वन्सं, या माणसाने रिकाम्या खोलीतला दिवा कधी विझवलेला नाही. मग मला शंका का येऊ नये?

खरं सांगते. बरेच दिवस आमच्या झोपायच्या खोलीत सिगारेटचा वास यायचा. एसी चालू असेल आणि व्हर्लिन खाली त्याच्या सुतारकामाच्या बाकाशी असेल, तेव्हाच. विचारलं तर म्हणाला, "पलीकडचा रेमंड ओढतो." सगळ्या खिडक्या लावलेल्या, मग रेमंडचा धूर काय भिंतीतून येतो?

तो बाजारात गेला तेव्हा मी खाली उतरले. बाकाच्या बरोबर वर घरातली हवा परत यंत्राकडे नेणारा मोठा नळ आहे. त्याच्या फटीशी कागदी रुमाल धरला, तर आत ओढला गेला. धूरही तसाच आत जाऊन माझ्या उशाशी निघत होता. संध्याकाळी मी सहज म्हटलं, "वास खोलीतल्या एसीच्या जाळीतून येतोय हं." दुसऱ्याच दिवशी लुकणाची बादली घरात.

हृदयाच्या ऑपरेशननंतर त्याने माझा हात धरून सिगारेट सोडायची शपथ घेतली होती. तोंडावर विचारलं तर पुन्हा खोटं बोलेल, आणि मग कुठेतरी लांब जाऊन ओढेल. तिथे पडला तर मला कोण सांगणार?

काल काम पुरं झालं. घर छान गार झालंय, आणि वास अजिबात नाही. आता खालचं मला वर काहीच कळणार नाही, म्हणून रात्रभर झोप लागली नाही.

आज तो चर्चचं गवत कापायला गेल्यावर मी बाकाच्या वरचा एक सांधा सुरीने उकरून ठेवला. वीज जाते तर जाऊ दे. रविवारी तुम्ही फोन केलात तर सिगारेटचं नाव काढू नका, नुसतं दम लागतो का ते विचारा. तुमच्याशी तो खोटं बोलत नाही.

आता एकच कळत नाही. एखाद्या दुपारी वास आला नाही, तर देवाचे आभार मानू, की जिन्याकडे धावू?

तुमची, श्वास रोखून बसलेली,
ऑर्फा