मागून म्हटलेला 'जा'

बर्लिन, ९ मार्च १९६६

प्रिय वसुताई,

तीन महिने हे पत्र टाळतोय. इथे बटाटे फार छान मिळतात, पण ते असो.

लॉरेन नावाच्या अमेरिकन गायिकेच्या रेकॉर्डवर मी मागच्या साथीत गायलो. जर्मनमध्ये हो म्हणजे ja, उच्चार 'या'. गाण्यात ती विचारते, "राहशील ना?" आणि आम्ही तिघा साथीदारांनी मागून 'या, या' म्हणायचं. कागदावरचं ja वाचून मला आपलाच 'जा' आठवला आणि तोच तोंडून निघाला. तू रुसून म्हणायचीस तसा लांबवला. रेकॉर्ड कंपनीचा साहेब ओरडला, "गेनाऊ! अस्साच हवा!" आता लोक तेवढंच गुणगुणतात. कव्हरवर मात्र आमची नावं नाहीत, आणि मी तुला 'नाव छापलंय' असं कळवून बसलोय.

उद्या कुणी हक्क सांगू नये म्हणून साहेबाने कागद दिलाय: 'या रेकॉर्डवर माझा आवाज नाही.' पाचपर्यंत सही केली नाही तर पुढचं काम बंद. साडेचार झालेत. सही केली तर तुझ्यापुढे कोणत्या तोंडाने गाऊ?

तुझा खोटारडा भाऊ,
आत्माराम

ता. क. दार वाजलं. लॉरेन आलीय, धापा टाकत. म्हणते, "कागदाचं कळलं. आत्ता रेडिओवर तो 'जा' कुणाचा ते, तुझं नाव घेऊन, सांगून आले. बरोबर म्हटलं ना रे, आत-मा-राम?"