साकीनाक्याचा चार्ज, बेटावरून

२ जानेवारी, गुरुवार. बोरीवली.
आमचे मालक केयूरभाई अखेर तयार. चार आठवडे अंदमानातल्या बेटावरून काम. अट एकच: साकीनाक्याच्या ऑफिसातून एकही डिस्पॅच अडता कामा नये. नाही अडलं तर कायमचं तिथूनच. अडलं तर पुन्हा विषय काढायचा नाही. एक फेब्रुवारीला निकाल. सेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने एकदा तरी मनासारखं जगावं. रोज पाचला उठणे, पोहणे, पोट कमी करणे.
आई म्हणाली, समुद्रच बघूचो तर वेंगुर्ल्यातलो काय आटलो? आईला व्हिजन नाही. अबोली शाळेचे पेपर तपासत होती. उठून डासांची ट्यूब तेवढी बॅगेत टाकली. बायकोचा विश्वास, दुसरं काय!

४ जानेवारी, शनिवार. ऑफिस.
बाबा मिलमध्ये टाइमकीपर होते. रजेवर जाताना चार्ज लेखी द्यायचा, सुईसुद्धा सोडायची नाही, असं ते सांगायचे. ज्युनियर प्रांजलला बसवून यादी दिली. एकसष्ट मुद्दे. लिफ्टचे सुटे भाग कोणाला कधी पाठवायचे हे वीस वर्षं फक्त माझ्या डोक्यात. उदा. मुद्दा १७: मुलुंडचा यज्ञेश ‘अर्जंट’ म्हणाला तर चार दिवस बिनधास्त थांबावे, ‘आरामात दे’ म्हणाला तर आजच पाठवावे. यादीवर तिची सही घेतली. नुसतं बॅकअप म्हणून. अनुभव काय यादीत मावतो?

६ जानेवारी, सोमवार. बेट. सकाळी ११:३०
उठलो साडेआठला. प्रवासाचा शीण. लॉजमध्ये नेट नाही. लॉजवाला म्हणतो, जेट्टीच्या टोकाला मिळतं. टोकाला पोचेपर्यंत मीटिंग संपली. प्रांजलने वेळ निभावली. यादी कोणाची? माझी.

८ जानेवारी.
पोहायला गेलो, गुडघाभर पाण्यात प्रवाळाने पाय कापला. पोहणे पुढच्या सोमवारपासून. जेट्टीवरून मीटिंग केली. वाऱ्यामुळे केयूरभाईंना नुसती घरघर ऐकू गेली. म्हणाले, कॅमेरा बंद ठेवा, चक्कर येते.

१४ जानेवारी. संक्रांत.
यज्ञेशचा फोन. ‘आरामात दे’ म्हणाला, म्हणून मी आरामात घेतलं. जेवल्यावर मुद्दा १७ आठवला. धावत जेट्टीवर. माल केव्हाच निघाला होता, यज्ञेशने ऑफिसलाही फोन केला होता, प्रांजलने पाठवला. पोरगी तयार होतेय. गुरू बरा लागतो.

१७ जानेवारी.
इथे साडेपाचला अंधार, जेट्टीवर दिवा नाही. पाचनंतरचं सगळं प्रांजलकडे दिलं. मुद्दे ६२ ते ७० व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. तिने मागितले नव्हते.

२१ जानेवारी.
बेटाचं नेट कालपासून बंद. फोनही नाही. साकीनाक्याची वाट लागली असणार. केयूरभाई डोक्याला हात लावून बसले असतील. वाईट वाटतंय. अगदी वाईट असं नाही.

२४ जानेवारी.
नेट आलं. वाटलं, शंभरेक मेल तुंबले असतील. सात निघाले. त्यातला एक, कोणाचा तरी वाढदिवस, केक खायला पँट्रीत या. डिस्पॅच एकही अडलं नाही. सिस्टिम कसली पक्की बसवली मी! प्रांजलला फोन केला. म्हणाली, सर, टेन्शन नका घेऊ ना, मस्त फिरा. जरा लागलं. का, ते कळलं नाही.

३१ जानेवारी.
उद्या निकाल. हिशेब सरळ: काही अडलेलं नाही. आईला आजच सांगून टाकलं, पास झाल्यात जमा. पोट आहे तिथेच आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ४
केयूरभाईंचा फोन. म्हणाले, सुयोगभाई, मानलं तुम्हाला, चार आठवड्यांत एकही डिस्पॅच अडलं नाही. मी थँक्यू म्हणालो. मग म्हणाले, तेच तर, एका माणसात होतंय तर दोन कशाला? महिनाअखेर तुमचा शेवटचा दिवस. कामाला नाही आलात तरी चालेल. प्रांजलने फोन घेतला आणि रडायलाच लागली. मीच म्हटलं, अगं रडू नको, सोमवारी ठाण्याचा माल निघायचाय, तो बघ.

संध्याकाळी ५
अबोलीचा फोन. काय रे, अडलं का काही? म्हटलं, काहीच अडलं नाही. हे खोटं नाही. ती केवढ्यानं ओरडली. आई म्हणे मजल्यावर पेढे वाटत फिरतेय. मग अबोली हळूच म्हणाली, मला पण यायचंय रे तिकडे, पहिल्यापासून यायचं होतं, तू विचारलंच नाहीस. सोमवारी शाळेत राजीनामा देते. मी ‘अगं’ म्हणालो, तेवढ्यात कोणीतरी पेढ्याला आलं आणि तिने फोन ठेवला.
सोमवारच्या आत सांगायला हवं.
आज नेट झकास आहे. उद्या सांगतो.