नाक्यावरची आत्या

निपाणी,
११ फेब्रुवारी २०२५

चि. सुगत यास,
सुनयना आत्याचा जयभीम.

रविवारी, ९ फेब्रुवारीला, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, बेळगावच्या त्या हॉलमध्ये गेम दाखवताना तू शेकडो अनोळखी माणसांपुढे माझं हसं केलंस. वेळ अचूक सांगते, कारण त्या क्षणी मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते. दुसरीकडे कुठे पाहायची सोय तू ठेवली नव्हतीस.

फोन न करता पत्र का लिहिलं, असं विचारशील. फोनवर बोललेलं तुझ्याकडे साठून राहतं आणि पुढे त्याचं काय होतं, ते मी पाहून आले आहे.

आधी तुझ्या कॉम्प्युटर गेमबद्दल. आपल्या सीमेवरच्या कोगनोळीसारखा एक टोलनाका, नाक्यापलीकडे बंद पडलेलं टॉकीज, आणि खेळणाऱ्याने किल्ली मिळवून ते उघडायचं. इथवर ठीक. चित्रंही सुरेख आहेत. ती काढणाऱ्या तेजस्वीला माझ्या वतीने शाबासकी दे. पण टॉकीजच्या पायरीवर जी म्हातारी बसवली आहेस तिचा चष्मा माझा, निळ्या काठाची साडी माझी आणि आवाज तर थेट माझाच. तिच्यावर क्लिक केलं की ती वस्सकन अंगावर येते. मालिकेतली सून तीन वर्षं एकच जिना उतरते आहे म्हणते. पुरातून पोहून आलेल्या हिरोचा भांग तसाच कसा, म्हणते. ही सगळी वाक्यं मी दर रविवारी चार वाजता फोनवर बोललेली आहेत. गेम बनवणारे तुम्ही तिघं, तू, स्वरूप आणि तेजस्वी, स्पीकर लावून ऐकायचात, उलट वाद घालायचात. सिनेमा, कॉमिक्स, गेम, कशावरही. मला वाटायचं, आपण चौघं मित्र आहोत. माझंच वय तेवढं जरा पुढे गेलेलं.

हेही मी सोसलं असतं. पण खेळून दाखवणारा तो मुलगा पाणी प्यायला थांबला, आणि पडद्यावरची मी आपणहून बोलले: बरं झालं फोन केलास, आज दिवसभर कुणाशी बोललेच नव्हते. सगळा हॉल खो खो हसला. मी उठले. बाहेर आले आणि मिळेल त्या बसने निघाले. बेळगावबाहेरचं काकती गाव मागे पडेपर्यंत हातातलं तिकीट चुरगळतच होते.

एक सांग. तू लहान असताना सुट्टीत मी शिकवत होते त्या शाळेच्या कॉम्प्युटरवर आपण जुने अ‍ॅडव्हेंचर गेम खेळायचो. तू माउस धरायचास, मी इंग्रजी वाचून अर्थ सांगायची. त्या खेळांत पडद्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाकडे देण्याजोगं काहीतरी असायचं. भिकाऱ्याकडेसुद्धा. तुझ्या म्हातारीकडे तोंडाळपणाखेरीज काहीही नाही. मग तिला बसवलंस कशाला, शोभेला?

माया आहेच, सध्या ती रागाच्या खाली दाबून ठेवली आहे.

तुझी,
सुनयना आत्या

*

बेळगाव,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सुगतचा सविनय जयभीम.

तुझं पत्र कंपनीतून आल्यावर वाचलं, मग परत वाचलं. स्वरूप आणि तेजस्वीलाही वाचून दाखवलं. रागावू नकोस, त्यांचीही चूक आहे म्हणून दाखवलं. स्वरूप म्हणाला की आत्या रागावल्या तरी वाक्य कसं बसवतात बघ. मी त्याला गप्प केलं.

आत्या, चोरून काहीच केलं नव्हतं गं. दिवाळीत मी विचारलं होतं, तुझी परीक्षणं रेकॉर्ड करू काय? तू म्हणालीस, कर की, निदान कुणीतरी खरं बोललेलं जपून राहील. तेव्हापासून फोन लागला की रेकॉर्डिंग सुरू करायचो, ठेवला की बंद. ते वाक्य त्यातच आलं. तेजस्वीने ऐकलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. लोक हसतील असं आमच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि तुझ्या म्हातारीकडे काही नाही, हे मात्र खरं नव्हे. किल्ली तिच्याचकडे आहे! पाच प्रश्न विचारले की ती पाच वेळा खेकसते, म्हणून सगळे उठून पुढे जातात. पण जो काही न विचारता नुसता तिच्यापाशी बसून राहतो, त्याला ती आधी ते वाक्य बोलते आणि मग कनवटीची किल्ली काढून देते. अख्ख्या गेममधलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात चांगलं कोडं तेच आहे, असं आम्हाला वाटतं. त्या मुलाने अजून थोडा धीर धरला असता तर हॉलला कळलं असतं. पण हशा झाला आणि तो पुढे गेला.

तुझ्या आवाजाच्या रेकॉर्डिंगचं काम जानेवारीच्या मध्यावरच संपलं. आता १५ मार्चला गेम सगळ्यांसाठी खुला करायचा आहे. ते वाक्य काढलं तर कोडंच मोडतं. तू एकदा शांतपणे विचार कर.

कान धरून उभा आहे, दिसत नसलं तरी.

तुझा,
सुगत

*

बेळगाव,
१७ फेब्रुवारी २०२५

आक्कास,
भीमरत्नचा जयभीम.

मी लिहिणारा माणूस न्हाय, तुला ठाऊक हाय. शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस. पण पोरगं चार दिवस धड जेवलेलं न्हाय आणि त्याची आई माझ्याकडं बघाय लागली, म्हणून बसलो.

आक्का, साकु आता, पुरं झालं. एवढं ताणू नकोस. पोरानं तुला गेममध्ये घातलं ते कौतुकानंच. मला का न्हाय घातलं, म्हणून मी विचारलं, तर म्हणतो, आप्पा, तुमी एक वाक्य पुरं करत न्हाय, तुमचं काय घेऊ? बघ, बापाची ही किंमत.

दुसरं एक सांगायचं हाय. त्या हॉलमध्ये मी तुझ्या मागच्याच रांगेत होतो आणि मी पण हसलो. मलाही फोन उचललास की तू तेच म्हणतीस, दिवसभर कुणाशी बोलले न्हाय म्हणून. मला वाटायचं, बोलायची सवय असंल. कॉन्व्हेंटात शिकलेली माणसं हॅलो म्हणायच्या जागी काहीतरी चांगलं म्हणत असतील. खरंच बोललेली नसतीस हे डोक्यातच आलं न्हाय. तू उठून गेलीस तवा कळलं. मागनं पळत आलतो, पण बस सुटली हुती.

निपाणीला एकटी राहून काय करतीस? आमच्याकडं ये. वरची खोली रिकामी हाय.

तुझाच, ओरडून घ्यायला तयार असलेला,
भीमरत्न

*

निपाणी,
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सुगत यास,
आत्याचा जयभीम.

दोन्ही पत्रं पोचली. तुझ्या आप्पाला सांग की त्याच्या वरच्या खोलीत मी येणार नाही. तुझी आजी, म्हणजे आमची आई, इथल्या तंबाखूच्या वखारीत राबली. ठसका लागून रात्र रात्र बसून काढायची, पण पोरांनी शिकावं म्हणून थांबली नाही. त्या कष्टांतून उभं राहिलेलं हे घर मी सोडणार नाही, आणि एकटं राहणं हा काही आजार नव्हे. हसल्याचं त्याने सांगितलं हे बरं केलं. हॉलमधल्या बाकीच्यांकडून तेवढीही अपेक्षा नाही.

आता तू. परीक्षणं रेकॉर्ड कर, असं मी म्हटलं होतं. कबूल. पण फोन उचलल्यावर पहिल्यांदा जे तोंडातून निघतं ते परीक्षण नव्हे. एवढा फरक इंजिनिअरला कळू नये? तेजस्वीचे डोळे भरले, मग ते पुसून तिने ते वाक्य कापून पडद्यावर चिकटवलं. या रडण्याचीच मला जास्त किळस आली. हसणारे तरी अनोळखी होते.

तुझ्या अवघड कोड्याचं उत्तरही वाचलं. म्हातारीपाशी मुकाट्याने बसून राहायचं, तिला बोलू द्यायचं, आणि तिचं मन भरून आलं की किल्ली हातात पडते. वा! दर रविवारी चार वाजता तू नेमकं हेच केलंस, आणि जानेवारीच्या मध्यावर तुझी किल्ली मिळाली. त्यानंतरच्या तीन रविवारी फोन आला नाही. मी चष्मा पुसून फोनपाशी बसत होते. तुला कामं असतील, असं स्वतःला सांगत होते. काम संपलं होतं, हे तू आपणहून लिहून पाठवलंस ते बरं झालं.

माझ्या अटी ऐक. ते वाक्य काढायचं. कोडं मोडत असेल तर मोडू दे. परीक्षणं राहू देत, ती खरी आहेत. फक्त त्या जिना उतरणाऱ्या सुनेचं वाक्य तुम्ही अर्धंच घेतलं आहे, ते पुरं घ्या. आणि किल्ली त्या म्हातारीने पहिल्याच क्लिकला, काहीही न मागता, पायरीवर काढून ठेवावी. ज्याला टॉकीज बघायचं आहे तो किल्ली उचलून जाईल. त्यानंतरही जो तिच्यापाशी बसेल, तो तिच्यासाठीच बसला आहे हे तिला कळेल. असं कोडं तुम्हा तिघांना सुचायला हवं होतं.

आणि मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. गेम नसता, तर रविवारचा फोन आला असता का? हो किंवा नाही, आणि नाही असेल तर सरळ नाही. मी ते वाचू शकते. स्वरूपला मजकूर सुचवायला बसवू नकोस.

उत्तर लेखी, तुझ्या स्वतःच्या अक्षरात, शनिवार ८ मार्चच्या टपालात माझ्या हाती पडलं पाहिजे. तोवर फोन करू नकोस. मी उचलणार नाही. तारीख टळली तर मी मौनालाच उत्तर समजेन.

माया मागू नकोस, ती कमी झालेली नाही. उत्तर पाठव.

सुनयना आत्या