सगळ्यांचे चार तास

५ जानेवारी २०२६, सोमवार

आलं एकदाचं ते एआय! आलं म्हणजे काय, कॉम्प्युटर तोच, खुर्ची तीच. फक्त कुठल्या ट्रेलरवर कोण ड्रायव्हर आणि किती वाजता निघायचं, हे आता मी नाही, ते ठरवणार. अकरा वर्षं या ऑफिसात गाड्या लावतेय मी! बाळाजीशेठ गेल्यापासून धंदा त्यांचा कुलदीप बघतो. त्याने सगळ्यांना बसवून पेढे दिले. म्हणाला, कुणाची नोकरी जाणार नाही. मशीनला घाबरायचं नाही आणि मशीनपासून काही लपवायचं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला काय जातंय!

८ जानेवारी

चहा नको, रजा नको, तरी राबतंय मेलं. माझी अकरा वर्षांची सगळी नोंद तीन दिवसांत वाचून काढली. जळले मी जरा. इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कोण आहे!

१२ जानेवारी

आज वाईट झालं. मशीनने ड्रायव्हरांची यादी काढली. बंदरातून माणगावच्या कारखान्यापर्यंत कोणाला किती वेळ लागतो त्याची. सगळ्यांना चार तास. मोरूकाकांना पाच तास दहा मिनिटं. सगळ्यांत संथ! कुलदीप म्हणाला, एक तारखेपासून काकांना गाडी नको, गेटवर बसू दे. पगार तोच.

पगाराचं कोण विचारतंय? बत्तीस वर्षं स्टिअरिंगवर, गाडीला ओरखडा नाही. काकी गेल्या, मुलगी लग्न होऊन अलिबागला. गाडीशिवाय त्या माणसाला आहे काय? काका नुसते बरं म्हणाले आणि चावी शर्टाला पुसत उभे राहिले.

मला जेवण गेलं नाही. कारण ते चार तास कुणाचे, हे मला पक्कं माहीत आहे. माझे!

१३ जानेवारी

कुठेतरी ओकलंच पाहिजे, म्हणून इथे. आमची ड्रायव्हर पोरं बहुतेक वडखळ-पेणची. हायवे घरावरूनच जातो. घरावरून गाडी न्यायची आणि आईच्या हातची भाकरी न खाता पुढे जायचं, हे आमच्यात होतच नाही. आई आठवडाभर बोलत नाही मग! म्हणजे पाऊण तास तिथे, वर माणगावची कोंडी. पहिल्याच वर्षी उशिरावरून शेठ प्रणयला चारचौघांत नको नको ते बोलले. पोरगा रडवेला झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या नावापुढे मी ठरलेली वेळ टाकली. चार तास. मग सगळ्यांनाच तीच टाकत गेले. पोरांच्या भाकरीवर मी कशाला बोट ठेवू? शेठना जीपीएस कधी पटलं नाही, त्यामुळे विचारणारंही कुणी नव्हतं.

एकटे मोरूकाका टेबलाशी उभे राहायचे. 'घड्याळात हाय तीच लिव, बाय.' त्यांची खरी वेळ मी लिहायचे आणि मनात म्हणायचे, काय हेकट म्हातारा!

मशीनला काय बोल लावू? त्याला खोटं मी शिकवलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ वाटायच्या निमित्ताने कुलदीपच्या केबिनशी दोनदा गेले. दोनदा लाडू देऊन परत आले. भित्री कुठली!

१६ जानेवारी

सांगितलं! बसलेसुद्धा नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कुलदीपने चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाटलं, आता म्हणेल, ताई, ऑफिसच्या चाव्या ठेवा. पण त्याने विचारलं, हे इतकी वर्षं कुणीच कसं बोललं नाही? मीही आता काय उरलंय म्हणून म्हटलं, 'तुमच्या वडिलांच्या वेळी खरं सांगणाऱ्याला बोलणी बसायची. खोटं लिहिलं की दिवस सुखाचा जायचा.'

त्याने सगळ्यांना आत बोलावलं. मला परत सांगायला लावलं. मी रडले. प्रणय उठून म्हणाला, 'ताई एकट्या नाहीत, भाकरी आम्ही खाल्लीय.' देवा, अशी माणसं दिलीस!

२४ जानेवारी

आठवडाभर सगळ्यांची खरी वेळ टाकली. प्रणय पाच तास पन्नास. बाकीचे सहाच्या आसपास. मोरूकाका पाच दहा. सगळ्यांत पुढे!! गेटवर बसायचं रद्द, गाडीची चावी कुलदीपने स्वतः त्यांच्या हातात दिली. काकांनी ती परत शर्टाला पुसली.

आणि आता मशीनमध्ये एक नवा रकाना आहे, 'घरचं जेवण'. पाऊण तास, हक्काचा. दर सोमवारी सकाळी अर्धा तास बसायचं. माझं काय चुकलं आणि मशीनचं काय चुकलं, ज्याने त्याने सांगायचं. ओरडायचं नाही कुणी. मशीनची यादी आधी मी तपासणार, मग ती बाहेर जाणार. कुठलं पुण्य फळलं माझं, कळत नाही. हाकलून दिलं असतं तरी बोलायला तोंड नव्हतं मला. काकांची गाडी मी वाचवली, याचाही थोडा तोरा आहे. असू दे.

२ फेब्रुवारी

आज सोमवारच्या बैठकीत कुलदीपने स्वतःची चूक सांगितली. यादी निघाली त्याच दिवशी सकाळी त्याने मोरूकाकांना एकटं गाठून विचारलं होतं, बाकीच्यांचे चार तास खरे आहेत का? काका म्हणाले होते, 'पोरांचं बरोबर हाय. माझेच डोले गेलेत आता.' 'आणि मी पुढे तपासलं नाही,' कुलदीप म्हणाला.

काकांचे डोळे! अजून सुईत दोरा ओवतात ते. मी उठून बाहेर गेले. ते टायर बघत होते. का हो काका, खोटं का सांगितलंत, म्हटलं.

'तुझी नोकरी गेली असती ना, बाय.'